जुना पॅकेज मॅनेजर आणि रखडलेले बदल

प्रश्न: माझ्या लिनक्स डिस्ट्रिब्यूशनच्या (लिनक्सच्या तयार संचाच्या) पॅकेज मॅनेजरचा, म्हणजे सॉफ्टवेअर बसवणाऱ्या आणि अद्ययावत करणाऱ्या साधनाचा, पाया 1990च्या दशकातला आहे आणि त्याने मला आजवर कधी दगा दिलेला नाही. असे असताना जुन्या कोडमुळे डिस्ट्रिब्यूशन मागे पडते, असे का म्हटले जाते? इतकी वर्षे वापरून तावून-सुलाखून निघालेला कोड उलट अधिक भरवशाचा नाही का?

उत्तर: भरवशाचा असतोच. कोड नुसता वयामुळे बिघडत नाही. अडचण होते ती लिहिताना गृहीत धरलेल्या गोष्टींमुळे, कारण पुढे हजारो पॅकेजे (सॉफ्टवेअरचे बसवण्याजोगे गठ्ठे) त्याच गृहीतकांवर उभी राहतात.

डेबियन या डिस्ट्रिब्यूशनचे उदाहरण बोलके आहे. प्रोग्राम ठेवण्याच्या ‘बिन’सारख्या जुन्या डिरेक्टरी ‘यूएसआर’मध्ये विलीन करण्याचा बदल फेडोरा या दुसऱ्या डिस्ट्रिब्यूशनने 2012 मध्ये, सतराव्या आवृत्तीत, केला. डेबियनमध्ये तो बराच लांबला. तिथला पॅकेज मॅनेजर डीपीकेजी प्रत्येक फाइलची नोंद पॅकेजमध्ये लिहिलेल्या मार्गानुसार, म्हणजे फाइलच्या पत्त्यानुसार, ठेवतो. जुना मार्ग हा आता नव्या जागेकडे नेणारा केवळ दुवा आहे, हे त्याला कळत नाही. त्यामुळे एखादी फाइल एका पॅकेजमधून दुसऱ्यात गेली आणि त्याच वेळी तिचा मार्गही बदलला, तर पहिले पॅकेज अद्ययावत करताना डीपीकेजी जुन्या मार्गावरची फाइल पुसायला जातो आणि प्रत्यक्षात दुसऱ्या पॅकेजची नुकतीच बसवलेली फाइल नाहीशी होण्याचा धोका असतो. शेवटी, संक्रमणाच्या काळात अशी हलवाहलव करू नये, असे डेबियनच्या तांत्रिक समितीला सांगावे लागले. साधनाची मर्यादा अशी धोरणात उतरली आणि पॅकेजे सांभाळणाऱ्यांचे बरेच श्रम ती मर्यादा चुकवण्यात गेले. माझ्या मते खरे नुकसान हे आहे, आणि ते आपल्यासारख्या वापरकर्त्याच्या नजरेस सहसा पडत नाही.

फेडोराच्या आरपीएम या पॅकेज मॅनेजरची कोंडी निराळी होती. त्याच्या नोंदी बर्कली डीबी या डेटाबेस प्रणालीमध्ये असत. तिची मालक कंपनी ओरॅकलने 2013 मध्ये तिचा परवाना बदलल्यावर फेडोरा जुन्याच आवृत्तीवर राहिला आणि 2020 मध्ये, तेहतिसाव्या आवृत्तीत, एसक्यूलाइट या दुसऱ्या डेटाबेसकडे वळला.

प्रश्न: मग हे सारे एकदाच नव्याने का लिहीत नाहीत?

उत्तर: लिहितात, पण नवा पॅकेज मॅनेजर जुन्याच्याच हातून बसवावा लागतो. शिवाय जुन्याच्या लकबींवर, अगदी त्याच्या चुकांवरही, कोणाची ना कोणाची स्क्रिप्ट विसंबलेली असते. फेडोराने 2015 मध्ये पायथन 2 या जुन्या प्रोग्रामिंग भाषेवर अवलंबून असलेल्या, आरपीएमच्या वर काम करणाऱ्या यम या साधनाऐवजी डीएनएफ आणला. त्यात अवलंबित्वे सोडवण्याचे (कोणत्या पॅकेजला आणखी कोणती लागतात हे ठरवण्याचे) काम, जे गणिती दृष्टीनेही अवघडच आहे, ओपनसुसे या आणखी एका डिस्ट्रिब्यूशनच्या वर्तुळात घडलेल्या लिबसॉल्व या कोड-संचाकडे सोपवले गेले. पुढचा डीएनएफ5 एकोणचाळिसाव्या आवृत्तीत यायचा होता, तो एकेचाळिसाव्या आवृत्तीत, 2024 मध्ये, आला. हा उशीर मला शहाणपणाचा वाटतो, कारण अद्ययावत करतानाच पॅकेज मॅनेजर मोडला, तर दुरुस्ती पोहोचवण्याचा नेहमीचा मार्गच बंद होतो.

तेव्हा आपण डिस्ट्रिब्यूशन बदलण्याची घाई करू नये. पॅकेज मॅनेजरच्या बदलनोंदी मात्र अधूनमधून पाहाव्यात: तिथे अंतर्गत रचनेची कामे होत असतील तर वय ही काळजीची बाब नाही, पण वर्षानुवर्षे केवळ भाषांतरे आणि किरकोळ दुरुस्त्याच दिसत असतील तर ती आहे.