युरोपातल्या मोठ्या वीज कंपनीला एनआयएस-२ (युरोपीय संघाचा सायबर सुरक्षेचा निर्देश) पाळायला मदत करायची आहे, सुरुवात कुठून करू?

आधी धोरणांच्या फायली लिहायला बसू नका, सरकारी यंत्रणेला घटना कळवण्याची व्यवस्था तपासा. गंभीर सायबर घटना लक्षात आल्यापासून २४ तासांत प्राथमिक इशारा, ७२ तासांत सविस्तर सूचना आणि त्यानंतर महिनाभरात अंतिम अहवाल द्यावा लागतो. शनिवारी रात्री दोन वाजता तो इशारा कोण पाठवणार? माझ्या मते खरी परीक्षा हीच.

मग पुरवठादारांचे करार आणि त्यांना दिलेले रिमोट लॉगिन बघा. निर्देशाच्या कलम २१ मधल्या सुरक्षा उपायांत पुरवठा साखळीही येते. संचालकांना प्रशिक्षण सक्तीचं आहे. टाळाटाळ केली तर दंडाचा आकडा दाखवा: कमाल १ कोटी युरो किंवा जागतिक उलाढालीच्या २ टक्के, यातलं जे जास्त ते. आयएसओ २७००१ (माहिती सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय मानकाचं प्रमाणपत्र) असेल तर बरंच काम सोपं होतं, पण तेवढ्यावर भागत नाही. आणि हो, कंपनी ज्या देशात आहे तिथला हा निर्देश लागू करणारा कायदा वाचाच.