पर्कशन कॅपला मराठीत काय म्हणायचं: टिकली, टोपी की काडतूस?

प्रश्न असा होता की अमेरिकेत जुन्या पद्धतीची, काळ्या दारूवर चालणारी रिव्हॉल्व्हरं हौसेनं वापरणारे काही लोक पर्कशन कॅप बाजारात मिळेनाशा झाल्या की घरीच बनवतात, त्यावरच्या लेखाचं भाषांतर करताना 'कॅप'ला काय लिहायचं.

सरळ 'टोपी' लिहा. ठासणीच्या बंदुकीसंदर्भात हा शब्द आधीपासून आहेच, हिंदीतही टोपीदार बंदूक म्हणतात. वस्तू दिसतेही तशीच, तांब्याची चार-साडेचार मिलिमीटर रुंदीची इवलीशी टोपी आणि तिच्या आत तळाला ठोका बसला की पेटणारा मसाला. रिव्हॉल्व्हरच्या प्रत्येक घराच्या (दारू-गोळी भरायच्या कप्प्याच्या) मागे एक पोकळ बोंडी असते (निपल लिहिलंत तरी चालेल), तिच्यावर ही टोपी चढवायची, घोडा आपटला की टोपी फुटते आणि जाळ बोंडीतून आत दारूपर्यंत जातो.

'टिकली' नको असं माझं मत. टिकली म्हटलं की दिवाळीतली लाल कागदाची गुंडाळी आणि पत्र्याची बंदूक डोळ्यासमोर येते, वाचकाला वाटेल खेळण्याबद्दल चाललंय. वर घरी बनवण्याचा विषय, म्हणजे अजूनच घोळ, कारण हा मसाला बोटं आणि डोळे घेऊन जाणारा आहे आणि आपल्याकडे विनापरवाना असलं काही करणं गुन्हा आहे, तेव्हा लेखात कृती असेल तर ती गाळलेलीच बरी.

'काडतूस' तर साफ चूक. हा शब्द पोर्तुगीज 'कार्तुशो'वरून आलाय आणि त्यात दारू आणि गोळी दोन्ही येतात. १८५७ची एन्फिल्ड रायफल आठवा, चरबीचा वाद झाला तो दातांनी फाडायच्या कागदी काडतुसावरून, टोपी वेगळी असायची आणि ती नंतर बोंडीवर बसवायची. एकाच बंदुकीला दोन्ही लागायचं, मग एकाला दुसऱ्याचं नाव कसं चालेल?

टोपीच्या आधी हे काम 'रंजक' करायची. रंजक म्हणजे बंदुकीच्या कानाजवळ (आतल्या दारूपर्यंत जाणाऱ्या भोकाजवळ) ओतायची बारीक दारू, तोड्याच्या बंदुकीत ती जळत्या तोड्यानं म्हणजे वातीनं पेटवायची आणि चकमकीच्या बंदुकीत गारेच्या ठिणगीनं. पावसात रंजक भिजली की बार फुसका, शिवाय रंजकीचा भपका दिसला की गोळी सुटायच्या आत पक्षी उडून जायचे, यालाच वैतागून अलेक्झांडर फोर्सिथ नावाच्या स्कॉटिश पाद्र्यानं (पक्ष्यांच्या शिकारीचा नाद होता त्याला) ठोक्यानं पेटणारी युक्ती काढली आणि १८०७ साली पेटंट घेतलं, तांब्याची टोपी त्यानंतरची. त्यामुळे मसाल्याला 'रंजक' म्हणायचा मोह होईल पण म्हणू नका, रंजक ही दारूच.

अजून एक, भाषांतरात हमखास गडबड होते ती घोडा आणि चापाची. बोलताना लोक दोन्हीला घोडाच म्हणतात, 'घोडा दाबला' वगैरे. कथेत चालून जातं, पण इथे बोटानं ओढायचा तो चाप आणि टोपीवर आपटणारा तो घोडा असं पहिल्यापासून ठरवून टाका. कारण कोल्टच्या रिव्हॉल्व्हरांची नेहमीची तक्रार म्हणजे फुटलेल्या टोपीचा तुकडा घोड्याच्या खाचेत पडून सगळं अडकतं, तिथे चुकून 'चापाच्या खाचेत' गेलं तर जाणकार वाचक लगेच पकडेल. आणि क्रियापदं म्हणाल तर टोपी बसवणे, चढवणे, फुटणे. 'टोपी घालणे' टाळा, लोक हसतील.