डिफमधली खरखर आणि शॉकचं तेल

प्रश्न (मालवण): माझी रिमोटवर चालणारी १/८ (खऱ्या गाडीच्या आठव्या हिश्श्याची) इलेक्ट्रिक बग्गी आहे. दिवाळीत पुळणीवर तासभर पळवली, मग नळाखाली धुतली. आता मागच्या डिफमधून (डिफरन्शियल, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची डबी) खरखर येते. घट्ट तेल घातलं तर थांबेल का?

थांबली तर वाईटच. झीज कळायचं तेवढं एक साधन तुमच्याकडे आहे, तेही जाईल. आधी खरखर नेमकी कुठे आहे ते शोधा. डिफ गिअरबॉक्समधून काढा आणि दोन्ही आउटड्राइव्ह (डिफच्या दोन बाजूंना बाहेर आलेली टोकं) बोटांत धरून उलटसुलट फिरवा. मऊ फिरलं तर डिफचा दोष नाही. वाळू क्राउन-पिनियनच्या (डिफला फिरवणाऱ्या दातेरी चाकांच्या जोडीच्या) दातांत किंवा बेअरिंगमध्ये आहे. पुळणीवरून आलेल्या गाडीत मला पहिला संशय बेअरिंगचाच येतो. खारं पाणी गोळ्यांपर्यंत गेलेलं बेअरिंग धुऊन वाचवत बसू नका, नवं घाला.

नळाखाली धरलीत ती चूक. सुकी वाळू ब्रशने झटकायची. पाण्याच्या धारेने तीच वाळू सीलच्या आत जाते. मीठ काढायला गोड्या पाण्यात पिळलेलं फडकं पुरतं. रत्नागिरीकरांसाठी जाता जाता: मांडवीच्या काळ्या वाळूतले लोहकण मोटरच्या चुंबकाला चिकटून बसतात. तिथे गाडी न नेलेलीच बरी.

डिफ आतूनच कडक फिरत असेल तर उघडा. तेल राखाडी झालेलं असेल तर घाबरू नका, धातूची बारीक झीज त्यात उतरतेच. दुधाळ दिसलं तर मात्र पाणी शिरलंय. सगळं पुसून काढा, क्रॉसपिनवर (आतल्या छोट्या गिअरांच्या आडव्या दांड्यावर) खाच पडली आहे का ते नखाने तपासा, ओ-रिंग (रबरी कडी) आणि गॅस्केट नवी घाला. जुनी गॅस्केट 'चालेल अजून' म्हणून मीही एकदा बसवली होती. संध्याकाळपर्यंत डिफ कोरडा आणि चेसिस चिकट. नवं तेल क्रॉसपिन जेमतेम बुडेपर्यंतच घाला. काठोकाठ भरलं तर तापून फुगतं आणि ओ-रिंगमधून वाट काढतं. बुडबुडे वर येईपर्यंत थांबा, मग स्क्रू समोरासमोरचे आळीपाळीने आवळा. एक सवय लावून घ्या: भरलेला डिफ सोनाराकडे असतो तसल्या छोट्या काट्यावर तोलून वजन लिहून ठेवा. पुढच्या वेळी तेवढंच भरलं की गाडी तशीच वागते.

प्रश्न (गुहागर): वळणातून बाहेर पडताना थ्रॉटल दिला की पुढची चाकं फुगून नुसती फिरतात, गाडी सुटत नाही. डिफचं तेल पुढे ५००० सीएसटी (चिकटपणाचं माप), मध्ये ५०००, मागे २०००.

मधल्या डिफचं तेल बदला, पुढच्या-मागच्या चाकांत ताकद तोच वाटतो. पुढची चाकं हलकी झाली की ताकद सोप्या वाटेने तिकडेच पळते. मध्ये ७००० घाला, बाकी दोन्ही तसेच राहू द्या. एका वेळी एकाच डिफचं तेल बदलायचं, नाहीतर कशाने काय झालं ते कळत नाही. १०,००० वर उडी नको. खडबडीत जागी मागचा भाग बिथरेल.

प्रश्न (राजापूर): बंद पडलेल्या चिरेखाणीत ट्रॅक केलाय. शॉकमध्ये (शॉक अब्सॉर्बरमध्ये) ३० वेटचं तेल घालू की ४०? आणि वेट, सीएसटी हे काय प्रकरण आहे?

सीएसटी हे चिकटपणाचं खरं माप. वेट हा ज्याचा त्याचा आकडा. असोसिएटेडचं ३० वेट म्हणजे ३५० सीएसटी, ४० वेट म्हणजे ५००. दुसऱ्या कंपनीचं ३० तंतोतंत तेवढंच असेल असं नाही, म्हणून वहीत सीएसटीच लिहा.

चिरेखाणीच्या तळाला चिरे कापल्याच्या रेषा असतात. छोटे, झपझप येणारे धक्के. तिथे पातळ तेल बरं, चाक जमीन सोडत नाही. शिवाय पिस्टनची भोकं बारीक असतील तर वेगाच्या धक्क्यात तेल भोकातून निसटू शकत नाही आणि शॉक दगडासारखा होतो. उडीनंतर आपटताना हेच कामाला येतं, रेषांवर नाही. ३५० पासून सुरुवात करा. गाडी हातभर उंचीवरून सोडा: चेसिस जोरात आपटला तर तेल घट्ट करा, बसून पुन्हा वर उसळली तरीही घट्टच.

आता आपल्या हवेचं. सिलिकॉन तेल पंधरा अंश तापलं की साधारण चौथ्या हिश्श्याने पातळ होतं. पौषातल्या सकाळी जमवलेला शॉक मे महिन्याच्या दुपारी, तापलेल्या जांभ्यावर, वेगळाच शॉक असतो. उन्हाळ्यात ३५० च्या जागी ४५० घाला म्हणजे जवळपास तीच चाल मिळेल.

प्रश्न (देवगड): शॉकमध्ये मोटरसायकलचं फोर्क ऑइल चालेल का? खोबरेल?

फोर्क ऑइल नको. खनिज तेलाने सिलिकॉनच्या ओ-रिंग फुगतात. खोबरेल थंडीत न्हाणीघरात बाटलीतच गोठतं, ते शॉकमध्ये काय करेल ते तुम्हीच सांगा.

प्रश्न (दापोली): जुन्या टू-व्हील (दोनच चाकांना ताकद जाणाऱ्या) बग्गीत बॉल डिफ (गिअरऐवजी गोळ्यांवर चालणारा) आहे. पावसाळ्यात चार महिने गाडी बंद असते, ऑक्टोबरात डिफ खडखडतो.

टंगस्टन कार्बाइडच्या गोळ्यांना फारसं काही होत नाही. गंजतात त्या गोळ्यांखालच्या पोलादी रिंगा आणि थ्रस्ट बेअरिंग (डिफ आवळणाऱ्या स्क्रूचा दाब झेलणारं छोटं बेअरिंग). मृगाआधी डिफ खोला, पुसा, सगळ्यावर तेलाचा हात फिरवून सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. गणपतीनंतर जोडताना ते तेल पूर्ण पुसून टाका. मोठ्या गोळ्यांना सिलिकॉनचं डिफ ल्यूब, थ्रस्टला काळं मॉलिब्डेनम ग्रीस. ही अदलाबदल झाली की डिफ घसरतो. रिंगेवर चर पडला असेल तर ती उलटून लावा. दुसरी बाजू अजून कोरी असते.