'प्लेनस्केप: टॉर्मेंट' हा जुना कॉम्प्युटर रोल-प्लेइंग गेम आज पुन्हा खेळताना सुरुवात कशी करावी?

२०१७ ची एन्हान्स्ड आवृत्ती घ्या. १९९९ ची मूळ आवृत्ती ६४० बाय ४८० वर चालते, त्यामुळे मोठ्या स्क्रीनवर अक्षरं वाचताना डोळे दुखतात. आणि हा खेळ म्हणजे मुख्यतः वाचनच.

खरी चूक होते ती पात्र घडवताना. नायकाचे सहाही गुणधर्म ९ वर असतात आणि वाटायला २१ गुण मिळतात. सवयीने ते ताकदीत घातले, की संवादातले उत्तम पर्याय दिसतच नाहीत आणि काही हुकलंय याचा पत्ताही लागत नाही. माझी वाटणी: विजडम (शहाणपण) १८, इंटेलिजन्स (बुद्धी) १४, करिश्मा (इतरांवर पडणारी छाप) १३, कॉन्स्टिट्यूशन (शरीराचा चिवटपणा) १२. विजडममुळे नायकाच्या विसरलेल्या जुन्या आठवणी उघडतात, शिवाय अनुभवाचे गुणही जास्त मिळतात. पुढे प्रत्येक लेव्हलला एक गुण मिळतो, तेव्हा ताकदीची घाई नको.

खेळ शवागारात सुरू होतो, तिथून लढत बाहेर पडू नका. बोलून, वेषांतर करून निघता येतं. मग रॅगपिकर्स स्क्वेअरमधल्या मेबेथची कामं करून जादूगार व्हा. स्मोल्डरिंग कॉर्प्स बारमध्ये डॅककॉन हा साथीदार भेटेल. त्याच्याकडचं झर्थिमॉनचं चक्र (शिकवणीचा गोल दगडी ग्रंथ) त्याच्याशी बोलत शेवटपर्यंत वाचा. संपूर्ण खेळातला हा सर्वांत सुंदर भाग, तो अजिबात टाळू नका.

नायक अमर आहे; मेलात तर बहुधा पुन्हा जागे व्हाल, म्हणून मरणाला घाबरून सारखं लोड करू नका. शहराची सत्ताधीश लेडी ऑफ पेन हिला मात्र डिवचू नका: आधी चक्रव्यूहात कोंडते, पुन्हा आगळीक केली तर खेळ तिथेच संपतो. पुढे लागणाऱ्या कर्स्ट या गावानंतर मारामारी वाढते, तेव्हा तिथे पोचण्यापूर्वी वेगळा सेव्ह ठेवा.