वाचकांचे प्रश्न : पणजोबा कोणत्या कौन्सिलात होते?

प्रश्न : पणजोबांच्या फोटोखाली 'एम. एल. सी., १९२५' (म्हणजे मुंबईच्या लेजिस्लेटिव्ह कौन्सिलचे, कायदेकौन्सिलचे सभासद) असं लिहिलं आहे. ते सरकारनियुक्त होते की निवडून आलेले, यावर घरात एकमत नाही. टिळक-गोखले ज्यात होते तेच हे कौन्सिल का? नोंद कुठे पाहावी?
(एक वाचक, सदाशिव पेठ)

उत्तर : नाव तेच, पण घडण पार बदललेली. म्हणून आधी साल पक्कं करावं.

१८६१च्या कायद्याने मुंबईचं कायदेकौन्सिल सुरू झालं, तेव्हा सगळेच सभासद नेमलेले असत. जगन्नाथ शंकरशेट त्यांपैकी एक. १८९२नंतर स्थानिक संस्थांनी नाव सुचवायचं आणि गव्हर्नरने नेमणूक करायची, अशी आडवळणाची निवडणूक आली. मध्य विभागातल्या लोकल बोर्डांकडून टिळक १८९५मध्ये गेले ते याच वाटेने. गोखले १८९९मध्ये गेले. अंदाजपत्रकावर बोलता येई, मत देता येत नसे. अध्यक्षस्थानी खुद्द गव्हर्नर. एवढ्या आखूड अधिकारांतही या मंडळींनी शेतसाऱ्यावर सरकारला किती अडवलं, हे मुळातून वाचण्यासारखं आहे.

आपले पणजोबा १९१९च्या कायद्यानंतरचे. १९२३अखेरच्या निवडणुकीतून आलेल्या कौन्सिलात ते असावेत. तेव्हा बहुसंख्य सभासद मतदारांनी निवडलेले, बाकीचे सरकारी अधिकारी आणि नियुक्त बिनसरकारी सभासद. म्हणजे घरातलं कुठलंही मत खरं असू शकतं. मतदार मात्र थोडे : ग्रामीण भागात बहुतेक जिल्ह्यांत किमान ३२ रुपये आकाराची, म्हणजे तेवढा शेतसारा ठरलेली जमीन लागे, रत्नागिरीत १६. मराठा व तत्सम जातींसाठी ७ जागा राखीव होत्या.

शोधताना 'मुंबई लेजिस्लेटिव्ह कौन्सिल डिबेट्स'चे त्या वर्षांचे खंड मागावेत. सभासदांच्या यादीत नावासोबत मतदारसंघ दिसला तर निवडून आलेले. नियुक्तांची नोंद वेगळी असते. निवडणुकीचे आणि नेमणुकीचे जाहीरनामे मुंबई सरकारच्या गॅझेटात येत. डेक्कन जिमखान्याजवळ गोखले इन्स्टिट्यूटच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयात आधी चौकशी करावी. इंग्रजीत आडनावाचं स्पेलिंग एकसारखं नसे. तीन-चार तऱ्हांनी पाहा, आद्याक्षरं आणि गाव जुळवा. केवळ आडनावावर विसंबल्याने भलत्याच माणसाची भाषणं पणजोबांच्या नावावर जमा होतात.

फोटोवरचं साल मागाहून कुणी लिहिलं असेल तर मोठी अडचण. १९३७पासून दोन सभागृहं झाली : १७५ जणांची असेंब्ली आणि वरचं छोटं कौन्सिल. त्यानंतरचा एम. एल. सी. वरच्या सभागृहाचा, १९२५चा एकमेव सभागृहाचा. १९२०पर्यंतच्या सभासदांच्या नावाआधी 'ऑनरेबल' छापत, हीसुद्धा कालखंड ओळखण्याची चांगली खूण.

प्रश्न : पुण्याच्या कौन्सिल हॉलमध्ये खरोखर कायदेमंडळ भरे का?

उत्तर : हो. पावसाळ्यात मुंबई सरकारचा मुक्काम पुण्याला असे. गव्हर्नर गणेशखिंडीत, म्हणजे आजच्या विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत राहत, आणि अधिवेशन कॅम्पातल्या कौन्सिल हॉलमध्ये होई. म्हणून जुलै-ऑगस्टच्या कामकाजावर 'पूना' छापलेलं दिसलं तर ते वेगळं मंडळ समजू नये.