चाळीस माणसांच्या वर्कशॉपला मॅनेजमेंटच्या किती पातळ्या लागतात?

मॅनेजर नेमला तरी प्रत्येक कागद तुमच्याच सहीला येतो, म्हणून वर एक जीएम (जनरल मॅनेजर) बसवावा का, असं तुम्ही विचारलंय. बसवू नका. कागद आणखी एका टेबलावर अडकेल, एवढंच होईल. चाळीस माणसांना मालक, प्रॉडक्शन मॅनेजर आणि शिफ्ट सुपरवायझर पुष्कळ झाले. कोणी कितीपर्यंत परस्पर ‘हो’ म्हणायचं, ते मात्र लिहून काढा.

मी भोसरीत एका मशिनिंगवाल्याकडे परचेस बघतो. आधीच्या ठिकाणी सेकंड शिफ्टला इन्सर्ट (धातू कापायची बदलती पाती) संपले की सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मशीन, उभी. दुकानदार उधारीवर द्यायला तयार, पण पीओवर (खरेदीच्या ऑर्डरवर) शेठची सही हवी आणि शेठ गावाला लग्नात. दोन-तीन हजारांच्या डबीपायी अख्खी शिफ्ट जायची. इथे स्टोअरच्या दारावरच कागद चिकटवलाय: ५,००० पर्यंत सुपरवायझर, ५०,००० पर्यंत मॅनेजर, पुढे मालक. मिनीरत्न श्रेणी-१ च्या (सरकारने जास्त मोकळीक दिलेल्या, नफ्यातल्या) सरकारी कंपन्यांनाही असाच आकडा ठरवून दिलाय: ५०० कोटी किंवा नेटवर्थ (मालमत्तेतून देणी वजा जाता उरतं ते), यांत जे कमी असेल तेवढा भांडवली खर्च सरकारला न विचारता.

पण सगळंच रुपयांत बसत नाही. नव्या गिऱ्हाइकाला उधारी, दरात सूट, माणूस कामावरून काढणं हे तुमच्याकडेच ठेवा, रक्कम कितीही लहान असो. उलट खराब माल निघतोय म्हणून मशीन थांबवायचा हक्क ऑपरेटरलाच हवा. टोयोटात लाइनवरचा साधा कामगार दोरी ओढतो, टीम लीडर धावत येतो, आणि गाडी ठरलेल्या खुणेपर्यंत पोचेतो अडचण सुटली नाही तर लाइन थांबते.

खरी गोची पुढे आहे, आणि ती तुमचीच (राग मानू नका). तुम्ही राउंडला जाऊन ऑपरेटरला थेट सांगणार, ‘हा जॉब काढ, तो लाव.’ असं दोनदा झालं की मॅनेजर ठरवणंच सोडून देतो. मग तो विचारायला येतो आणि तुम्ही म्हणता, याला काही जमत नाही. काही खटकलं तर केबिनमध्ये त्याच्याशीच बोला.

प्रायव्हेट लिमिटेड असाल तर एक बघा. कंपनी कायदा २०१३, कलम १७९ प्रमाणे कर्ज काढायला संचालक मंडळाच्या बैठकीत ठराव लागतो. तो अधिकार ठराव करूनच मॅनेजरला देता येतो. वार्षिक हिशेबपत्रकांची मंजुरी मात्र मंडळाला कुणाकडे सोपवता येत नाही. अधिकारांचा तक्ता लावण्याआधी सीएसच्या (कंपनी सेक्रेटरीच्या) नजरेखालून घाला.