सोनोग्राफीत पीसीओडी आलंय, खरं माझं वजन तर जास्त नाही, मग अंडाशयात गाठी कशा झाल्या?

आधी ते गाठीचं डोक्यातून काढा. मी पण बेळगावात सोनोग्राफी करून खानापूरला परत येताना बसमध्ये रडत होते, आता ऑपरेशन लागणार म्हणून. त्या गाठी नसतातच की, वाढ अर्ध्यावर थांबलेल्या बीजांच्या बारीक पिशव्या असतात, 2 ते 9 मिलिमीटरच्या. दर महिन्याला एक मोठी होऊन फुटायला पाहिजे, ती फुटत नाही म्हणून पाळी लांबते.

का फुटत नाही? माझी मान बारावीपासून काळी, आई मळ समजून दर रविवारी बेसन लावून घासायची (कातडं सोलायचं बाकी होतं). डॉक्टरीणबाईंनी रिपोर्टच्या आधी मान बघितली. कन्नड-मराठी मिसळून बोलत होत्या, मला ‘सक्करे’ तेवढं कळलं आणि वाटलं झाली शुगर. खरं साखर नॉर्मल होती, ती नॉर्मल ठेवायला शरीर इन्शुलिन जास्त सोडत होतं, काळी मान ही त्याचीच खूण. त्या जादा इन्शुलिनने अंडाशय पुरुषी हार्मोन जास्त बनवतं, आणि लिव्हर त्या हार्मोनला धरून ठेवणारं प्रोटीन कमी बनवतं, म्हणजे दोन्हीकडून तेच मोकाट. त्यात मेंदूकडून एलएच (अंडाशयाला हुकूम देणारं हार्मोन) पण बऱ्याच जणींना जास्त येतं. मग हनुवटीवर केस, पिंपल्स, आणि बीज तिथंच अडकलेलं. हे बारीक पोरींना पण होतं, वजनाने जोर चढतो एवढंच. घराण्यातून पण येतं, आमच्यात बाबा आणि आत्या दोघांना शुगर आहे.

नुसत्या सोनोग्राफीवर मात्र ठरवू नका. 2003 पासूनचा नियम असा की अनियमित पाळी, पुरुषी हार्मोनची लक्षणं आणि सोनोग्राफी, या तीनपैकी दोन तरी पाहिजेत, तेही थायरॉईड आणि प्रोलॅक्टिन (दुधाचं हार्मोन) तपासून झाल्यावर. पहिली पाळी येऊन 8 वर्षं झाली नसतील तर सोनोग्राफी धरतच नाहीत, त्या वयात अंडाशय तसंच दिसतं.

पाळी तीन-तीन महिने आली नाही तर ‘बरंच झालं कटकट गेली’ म्हणून बसू नका. बीज फुटलं नाही की प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन बनत नाही, गर्भाशयाच्या आतलं अस्तर जाड होत राहतं आणि वर्षानुवर्षं तसंच राहिलं तर कॅन्सरचा धोका वाढतो. मला त्यासाठी गोळ्या दिल्या, शिवाय रोज चालणं. कुंदा (आमच्या बेळगावची दुधाची मिठाई) बंद केला म्हटलं तर खोटं होईल, कमी केलाय.

पुढच्या वेळी डॉक्टरांना ग्लुकोज पिऊन दोन तासांनी करतात त्या शुगर टेस्टचं विचारा, माझी उपाशीपोटीची चांगली होती आणि यात बॉर्डरवर निघाली.